आधी तुम्ही खावा

"आ कर."

"न्हाई."

"एकच चमचा, शरू. हा एवढा एकच."

शर्वरीने ओठ आत ओढून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या हातातल्या चमच्यावर नाचणीसत्त्वाची खीर निवून घट्ट व्हायला लागली होती. तूप घरचं, गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, वेलदोडा मी स्वतः कुटलेला. नाव ठेवायला जागा नव्हती त्या खिरीत. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई माझ्याकडे कणवेने बघत होती, आणि मला पोरीपेक्षा त्या कणवेचाच जास्त राग आला.

कारण मी आचारी यशवंत तोडकर होतो. गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंत लग्नाची तारीख निघाली की आधी मला विचारायचे आणि मग कार्यालयवाल्याला. एका दुपारी हजार पानं मी हसत उठवलेली. वरबाप हात धुता धुता माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. आणि माझी स्वतःची सहा वर्षांची मुलगी माझ्या हातचे दोन चमचे पोटात घेत नव्हती.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. शर्वरीला रक्ताचा कॅन्सर आहे हे कळून तेव्हा चार महिने झाले होते. कोल्हापुरात उपचार चालू होते. दवाखान्याच्या मागे पालकांसाठी खोल्या होत्या आणि पाच शेगड्यांचं एक सामायिक स्वयंपाकघर होतं. माझी बायको मालन मुलीजवळ बसायची आणि रांधायचं काम माझ्याकडे होतं. ते मी कुणाला करूच दिलं नसतं.

आदल्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर हुक्केरींनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं होतं. उंच, कमी बोलणारा माणूस. हातात रिपोर्ट होता.

"डोस या आठवड्यात देता येणार नाही," ते म्हणाले. "गेल्या सोमवारी लिव्हरचा आकडा तीनशेवर गेला म्हणून थांबलो. आज चारशे बारा आहे. अशा लिव्हरवर औषध घातलं तर औषधच तिला मारेल."

"आणि न्हाई घातलं तर?" मालनने विचारलं.

"आजार आपल्यासाठी थांबत नाही, ताई. पुढच्या सोमवारी आकडा दोनशेच्या आत आला, तर लगेच डोस सुरू करू. आणि वजन. आज पंधरा किलो शंभर ग्रॅम आहे. पंधराच्या खाली जाऊन चालणार नाही. खात नसेल तर नाकातून नळी घालून भरवू. नळी वाईट नसते, घाबरू नका. पण तोंडाने खाल्लं तर सगळ्यात बरं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तोडकर, बाहेरचं काही देताय का? काढा, भस्म, पावडर, काहीही?"

"न्हाई साहेब."

इतकं सरळ मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो.

पावडर होती. मेहुण्याने, म्हणजे मालनच्या भावाने, रणजितने आणून दिलेली. कसल्याशा पाना-मुळ्यांची, हिरवट करडी, मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. डब्यावर धष्टपुष्ट पोराचं चित्र होतं. "दाजी, पोरीच्या अंगात ताकद भरंल. रक्त वाढतंय, लिव्हर सुधारतंय, समदं लिहिलंय बघा. फक्त डॉक्टरला सांगू नगासा, त्यास्नी असलं चालत न्हाई." मी तीन आठवडे रोज दोन चमचे खिरीत मिसळत होतो. मालनलाही सांगितलं नव्हतं. पहिला रिपोर्ट वाईट आला तेव्हा मी दोनाचे तीन चमचे केले, कारण डब्यावर लिव्हरचं नाव होतं.

आता लोक म्हणतील, हा माणूस अडाणी होता. नव्हतो. मी आचारी होतो. आमच्या धंद्यात पातेल्यात काय पडलं हे कुणाला सांगायची रीत नाही. माझ्या वस्तादांनी मला अकरा वर्षं हाताखाली ठेवलं, पण मसाला भाजताना ते पाठ करून उभे राहायचे. मीही तसाच झालो. कुणी विचारलं की नऊ जिन्नस सांगायचे आणि दहावा पोटात ठेवायचा. आणि दुसरी रीत म्हणजे चाखायचं नाही. देवाला नैवेद्य जायच्या आधी आचाऱ्याने जीभ लावायची नाही, वासावर आणि रंगावर ओळखायचं. त्या तीन आठवड्यांत त्या खिरीचा एक थेंबही मी जिभेवर ठेवला नव्हता.

तर मंगळवारी सकाळी शर्वरीने तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात मुल्लाणी मॅडम वॉर्डात आल्या. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ. पंचविशीतल्या असतील, डोक्यावरून ओढणी, हातात वही. मला त्या पहिल्यापासून पटत नव्हत्या. ज्या मुलीने कधी वीस माणसांचा भात टाकला नसेल ती मला तक्ता लिहून देणार!

"काय काय घालता खिरीत, तोडकरकाका?"

"नाचणीसत्त्व, दूध, गूळ, तूप, वेलदोडा."

"आणखी?"

"मीठ. चिमूटभर."

"आणखी काही?"

"एवढंच," मी म्हणालो. दहावा जिन्नस पोटात राहिला.

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "एक सांगू? स्टीलचा चमचा नको. या औषधांनी मुलांच्या तोंडाला लोखंडासारखी चव येते, त्यात स्टील म्हणजे आणखीच. साधा प्लॅस्टिकचा घ्या. आणि वाफाळतं आणू नका, वासानेच यांना उमळून येतं. कोमट करून आणा, बिनफोडणीचं."

"बिनफोडणीचं म्हणजे आजाऱ्याचं जेवण झालं की ओ."

"आजारीच आहे ती," त्या म्हणाल्या. उर्मटपणे नाही. मी वाटीवर झाकण ठेवलं.

दुपारी मी स्वयंपाकघरातून परत आलो तर वेगळंच दृश्य. मुल्लाणी मॅडम शर्वरीच्या खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या हातात पांढरी वाटी, त्यात मुगाची मऊ खिचडी. रंग नाही, वास नाही. आमच्या पंगतीत वाढली असती तर लोकांनी पान ढकललं असतं. आणि शर्वरी खात होती. एक चमचा, दुसरा, तिसरा. मी दाराशी उभा राहून मोजले. सहा चमचे.

माझं नाक कापलं गेलं. होय, मला आधी तेच वाटलं. पोरीच्या पोटात अन्न गेलं याचा आनंद मागाहून आला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मॅडम गेल्या तसा मी खाटेच्या कडेला बसलो. मालन कपडे धुवायला गेली होती.

"मॅडमचं बरं खाल्लंस गं. आबाचं का खात न्हाईस? तिखट हाय व्हय माझी खीर?"

शर्वरी चादरीचा कोपरा दुमडायला लागली.

"सांग की. आबा रागवणार न्हाई."

"त्यात काय नव्हतं," ती म्हणाली.

"कशात?"

"खिचडीत. मॅडमनी माझ्या म्होरंच तयार खिचडीचं पाकीट फोडलं, शेजारच्या काकूंच्या थर्मासातल्या पाण्यात कालवली. त्यात काय घातलं न्हाई." मग अगदी बारीक आवाजात, भिंतीकडे बघत, "तुम्ही घालतासा."

"काय घालतो?"

"मी बघितलंय. त्या दिवशी आईनं मला सैपाकघरात आणलं हुतं तवा. तुम्ही खिडकीकडं तोंड करून डब्यातलं घालत हुता. इकडं तिकडं बघत. आमच्या गोडावनात पिठात घालतासा की, तसं."

आमच्या गोडाऊनमध्ये तांदळाची पोती असायची. उंदरांचा सुळसुळाट. मी कणकेच्या गोळ्यात उंदराचं औषध कालवायचो आणि शर्वरीला दारातच उभी करून सांगायचो, हात लावायचा न्हाई, हे मरायचं हाय.

"शरू," मी म्हणालो आणि तिचा हात धरायला गेलो.

"मी लई तरास देतो म्हणून व्हय, आबा?" तिने विचारलं. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मुलग्यासारखं. "आई रोज रडती. तुमची लग्नं पण गेली. म्हणून घालतासा?"

मी उठलो. सकाळची वाटी झाकण ठेवून तशीच स्टुलावर होती. मी त्यात बोट घातलं आणि तोंडात घातलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा पदार्थ चाखला. गूळ नव्हता, तूप नव्हतं, वेलदोडा नव्हता. जिभेच्या मुळापर्यंत कडूजहर. घशात काहीतरी चरचरत उतरलं. हे मी तीन आठवडे माझ्या लेकीच्या तोंडात कोंबत होतो, आणि तिने नको म्हटलं की तिच्यावर डोळे वटारत होतो.

खोलीत जाऊन डबा काढला, पंच्यात गुंडाळला आणि हुक्केरींच्या दारापुढे जाऊन उभा राहिलो. आत मुल्लाणी मॅडमही होत्या. मी डबा टेबलावर ठेवला.

"हे घालत हुतो, साहेब. तीन आठवडे. आधी दोन चमचे, मग तीन."

डॉक्टरांनी डबा फिरवून फिरवून वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"तोडकर, आठ दिवस मी या आकड्याचं कारण शोधतोय. त्यासाठी तिचं तीनदा जादा रक्त काढलं. तिची शीर सापडत नाही, माहीत आहे ना? त्या तीन सुया तुमच्या आहेत."

मी मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पण झाडपाल्याचंच हाय न्हवं ते?" मी कसाबसा म्हणालो.

"असेल. नसेलही. यात नक्की काय आहे, किती आहे, हे डब्यावरून मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही, विकणाऱ्यालाही कळत नसेल. तिचं लिव्हर आमच्या औषधांनीच थकलेलं आहे. त्यावर हे." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "आजपासून बंद. उतरेल आकडा, बहुतेक उतरेल. सोमवारपर्यंत दोनशेच्या आत येईल का, ते मी सांगू शकत नाही."

मुल्लाणी मॅडम माझ्याबरोबर बाहेर आल्या. मला वाटलं आता या बोलणार. त्यांनी कपाटातून दुसरा एक डबा काढला.

"ही पण पावडरच आहे, काका. शरीराला लागणारं सगळं मोजून घातलेली, दवाखान्याची. डॉक्टरांना विचारून द्यायची. हिच्यात काय आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला मी वाचून दाखवते. आणि शर्वरीलाही माहीत झालं पाहिजे. तिच्यापासून काही लपवायचं नाही. आधी तिला झालेलं सगळं सांगा."

"सहा वर्साच्या पोरीला?"

"तीच खाणार आहे ना?"

मालनला मी त्या दुपारीच सांगितलं. तिने माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि भांड्यात टाकली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिने बोलावं अशी अपेक्षा मीही केली नाही. भावाला मात्र तिने फोन करून असं झापलं की स्वयंपाकघरातल्या पाची शेगड्यांवरच्या बायका थांबून ऐकत होत्या.

शर्वरीला सांगायला मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. हजार माणसांपुढे घाबरलो नव्हतो तितका घाबरलो होतो.

"ते उंदराचं नव्हतं, शरू. मामानं दिलेली पावडर हुती. तुला ताकद येईल असं मला वाटलं. पण ती तुला बाधली. माझी चूक झाली."

"चांगली हुती तर लपवलासा कशाला?"

रीत, धंदा, वस्ताद, सगळं त्या प्रश्नापुढे फोल होतं. "चुकलो," मी परत म्हणालो.

वाटलं होतं, एवढं सांगितल्यावर खाईल. बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघर सोडलं आणि सगळं सामान वॉर्डात आणलं. उकळून कोमट केलेलं दूध, भाजलेल्या रव्याची पेज, गूळ, दवाखान्याची पावडर, प्लॅस्टिकचे चमचे. तिच्या डोळ्यांसमोर एकेक जिन्नस उचलला आणि मोठ्याने सांगून भांड्यात घातला. "ही पेज, नुसत्या रव्याची. दोन चमचे. हा गूळ, एवढा. हे मॅडमचं, एक सपाट माप." शेजारच्या बाया ऐकत होत्या. ऐकू दे. नऊ नाही, दहाच्या दहा सांगितले.

शर्वरीने सगळं नीट बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

बुधवारी माझ्या हातचा एक घासही नाही. मॅडमच्या हातचे दोन चमचे तेवढे गेले. गुरुवारी सकाळी वजन केलं. चौदा किलो नऊशे. हुक्केरींनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी वजन पंधराच्या वर आलं नाही, तर नळी घालू. ती हरल्याची खूण नाही, तोडकर."

"घाला साहेब. पर तवर माझं मला करू द्या."

मी ठरवलं होतं. विश्वास मी मोडला होता, आणि तो नळीतून परत जाणार नव्हता. पोरगी माझ्या हातचं खाईपर्यंत मी त्या स्टुलावरून हलणार नव्हतो. दर दोन तासांनी नवीन पेज, नवीन भांडं, परत पहिल्यापासून मोठ्याने जिन्नस. चौथ्या वेळी माझा आवाज बसला. पाचव्या वेळी शर्वरी उठून बसली.

"आधी तुम्ही खावा," ती म्हणाली.

मी दुसऱ्या वाटीत काढून घेतलं आणि खाल्लं. सगळी वाटी, चाटून पुसून.

"आता थांबायचं," ती म्हणाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "मोठा काटा खाली जाईस्तोवर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती माझ्याकडे बघत बसली होती. मला काही होतंय का ते बघत होती. माझ्या तोंडाकडे, पोटाकडे, परत तोंडाकडे. मी अर्धा तास न हलता बसलो, हलकं हसायचा प्रयत्न करत, आणि आतून ढसाढसा रडत. मालन दाराशी उभी होती. तिने तोंडात पदर धरला होता.

काटा खाली गेला. शर्वरीने वाटी घेतली, वास घेतला आणि एक चमचा खाल्ला. मग दुसरा. "बास," ती म्हणाली. मी बास म्हणजे बास केलं.

शुक्रवारी सकाळपासून हाच क्रम. दर खेपेला आधी मी खायचं आणि थांबायचं. माझं वजन त्या आठवड्यात दोन किलोंनी वाढलं असेल. वॉर्डातल्या बाया मला हसायच्या, "आचारी, पोरीचं तुम्हीच संपवताय की!" मुल्लाणी मॅडम येऊन किती चमचे गेले ते लिहायच्या. तीन. चार. लिंबू पिळलेली पेज बरी लागते हे शर्वरीनेच सांगितलं. तोंडात फोड नाही ना ते मॅडमनी बघितलं आणि लिंबाला हो म्हटलं. अंड्याचा पिवळा भाग नको, पांढरा चालेल, तोही गार. गूळ कमी कर. मी मुकाट्याने ऐकत गेलो. इतकं वाईट गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं.

शनिवारी मोठा काटा खाली जायच्या आधीच, निम्म्या वाटेवर, तिने वाटी मागितली. रविवारी पाच मिनिटं थांबली. पण थांबली. माझ्याकडे बघत राहायची ती पाच मिनिटं मला अर्ध्या तासापेक्षा जड गेली, कारण आता मला आशा लागली होती.

सोमवारी सकाळी रक्त घेतलं. शीर दुसऱ्या टोचण्याला सापडली. वजनाच्या काट्यावर मी डोळे मिटून घेतले आणि मालनने माझा दंड धरला. तिने मला आठवड्यात पहिल्यांदा हात लावला होता.

"पंधरा किलो ऐंशी ग्रॅम," नर्स म्हणाली.

रिपोर्ट दुपारपर्यंत यायचा होता. तोपर्यंत जीव टांगणीला. कितीही काम केलं तरी वेळ जाईना, म्हणून मी परत पेज करायला बसलो. रवा, गूळ, लिंबू, माप. तोंडाने सांगत होतो आणि कान दाराकडे होते.

हुक्केरी आले. हातात कागद.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "दोनशेच्या आत आहे. तीन वाजता डोस सुरू करू. नळी आता नको, बघू पुढे."

मालनने शर्वरीला जवळ ओढलं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं. हात जोडायचे तर हातात चमचा होता. मी डॉक्टरांना काहीतरी म्हणालो, काय ते देव जाणे. त्यानंतर दोन वर्षं उपचार चालले, आणखी कितीतरी वाईट दिवस आले. आज शर्वरी तेवीस वर्षांची आहे आणि तिला यातलं फारसं आठवत नाही. त्या सोमवारी मात्र हे कुणाला माहीत होतं? त्या सोमवारी आमच्याकडे फक्त तीन वाजेपर्यंतचा वेळ होता.

डॉक्टर गेल्यावर मी डोळे पुसले आणि नेहमीप्रमाणे दोन वाट्या भरल्या. एक तिची, एक माझी. तिची स्टुलावर ठेवली, माझी हातात घेतली, घड्याळाकडे बघितलं आणि चमचा बुडवला.

चमचा तोंडापर्यंत नेला तेव्हा बघतो तर शर्वरीने तिची वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.